‘स्वीकारा’ म्हणण्यापूर्वी : संकेतस्थळांवरील कुकी आणि नागरिकाची संमती



वऱ्हाडच्या ग्रामीण जीवनात गेल्या काही वर्षांत जो पालट घडून आला आहे, त्याचे ठळक लक्षण म्हणजे कागदाची जागा पडद्याने घेतली, हे होय. मेळघाटातील हरिसाल येथे २०१६ साली ‘डिजिटल गाव’ उपक्रम हाती घेण्यात आला. उत्पन्नाचा दाखला, सात-बाराचा उतारा, कृषी अवजारांच्या अनुदानाचा अर्ज या गोष्टी आता संगणकावरून मिळतात. २०२५-२६ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळास हमीभावाने कापूस विकण्यासाठी शेतकऱ्याला आधी मोबाइलवर नोंदणी करावी लागली. अमरावतीच्या संत गाडगे बाबा विद्यापीठाचा विद्यार्थी असो वा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा, त्याचेही व्यवहार याच मार्गाने होतात.

हा मार्ग चालताना अनेक संकेतस्थळांवर पडद्याच्या तळाशी एक पट्टी उमटते. ‘हे संकेतस्थळ कुकी वापरते’ असे तिच्यात बहुधा इंग्रजीत लिहिलेले असते, आणि शेजारी ‘सर्व स्वीकारा’ असे ठळक बटण असते. काम अडू नये म्हणून मनुष्य मजकूर न वाचता त्या बटणावर बोट ठेवतो. त्या एका स्पर्शाने तो नेमके काय देतो, याचा विचार प्रत्येक लोकप्रतिनिधीने, शिक्षकाने आणि अधिकाऱ्याने करणे अगत्याचे आहे.

कुकी म्हणजे काय ?

संकेतस्थळ ज्या दूरच्या संगणकावर असते, त्या संगणकाला मुळात स्मरणशक्ती नसते. एक पान मागितले की तो ते देतो. दुसरे पान मागणारा तोच मनुष्य आहे की निराळा, हे त्याला उमगत नाही. ही अडचण दूर करण्यासाठी १९९४ साली अमेरिकेतील नेटस्केप कंपनीतील लू माँटुली या अभियंत्याने कुकीची योजना केली. संकेतस्थळ वापरणाऱ्याच्या ब्राउझरकडे एक छोटी नोंद पाठवते. ब्राउझर ती जपून ठेवतो आणि पुढील प्रत्येक भेटीत ती परत दाखवतो. एवढाच तो व्यवहार.

धोब्याच्या खुणेशी याची तुलना करता येईल. कपड्याच्या कोपऱ्यावर धोबी शाईने खूण करतो. त्या खुणेत मालकाचे नाव नसते, परंतु कपडा कोणाचा हे धोब्यास पक्के ठाऊक असते. कुकीतही बहुधा नाव नसते, केवळ अक्षरांचा व अंकांचा एक क्रमांक असतो. ही नोंद सामान्यतः चार किलोबाइटच्या मर्यादेत असते. ती विषाणू नव्हे, आणि संगणकातील इतर कागदपत्रे तिला वाचता येत नाहीत. अर्जाचे पहिले पान भरून दुसऱ्यावर गेल्यावर पुन्हा ओळख द्यावी लागत नाही, ही तिचीच कृपा होय. म्हणून कुकी मुळात वाईट आहे, असे मानण्याचे कारण नाही.

खूण एकाची, पाळत दुसऱ्याची

प्रश्न उद्भवतो तो परक्या कुकीमुळे. एखाद्या पानावर जाहिरात असते, नकाशा असतो किंवा चित्रफीत असते. या वस्तू पुष्कळदा त्या संकेतस्थळाच्या नसून तिसऱ्याच कंपनीच्या संगणकावरून आलेल्या असतात, आणि ती कंपनीही आपली खूण करू शकते. तीच कंपनी हजारो संकेतस्थळांवर हजर असल्यामुळे आपली खूण तिला सर्वत्र ओळखता येते. आठवडी बाजारातील प्रत्येक दुकानाबाहेर एकाच मालकाचा माणूस वही घेऊन बसावा आणि कोण कोठे थांबला, काय पाहिले, किती वेळ घासाघीस केली, हे टिपून घ्यावे, तसा हा प्रकार आहे.

कपाशीवरील बोंडअळीची माहिती वाचणाऱ्या शेतकऱ्याला पुढे भलत्याच पानावर कीटकनाशकाची जाहिरात दिसते, ती याच वहीमुळे. जाहिरात दिसल्याने फार बिघडत नाही. परंतु त्याच वहीत कर्जासाठी केलेली विचारपूस, आजाराविषयी वाचलेला मजकूर, मुलीच्या स्थळांचा शोध, हेही नोंदले जाऊ शकते. सुट्या नोंदी किरकोळ दिसतात; एकत्र केल्या की त्यातून मनुष्याची विवंचना वाचता येते. आणि ज्याला विवंचना कळली, त्याला गरजवंताच्या दारी नेमक्या वेळी उभे राहणे सोपे जाते.

सफारी या ब्राउझरने मार्च २०२० पासून परक्या कुकी सरसकट अडविल्या. गुगलने आपल्या क्रोममधून त्या काढून टाकण्याचे २०२० मध्ये जाहीर केले होते. तथापि २०२४ मध्ये हा बेत सोडून देण्यात आला. भारतात मोबाइलवर क्रोमचाच वापर सर्वाधिक असल्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

अंगठा आणि बोट

महाराष्ट्राला या प्रश्नाचे मूळ नवे नाही. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, तेव्हा त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. जे वाचता आले नाही त्यावर अंगठा उमटविलेला होता, आणि त्या अंगठ्याने जमीन जात होती. त्यानंतर १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. शेतकऱ्याचे दस्तऐवज ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिले जावेत, अशी तरतूद त्यात होती. न समजता दिलेली संमती ही संमती नव्हे, हेच त्यामागील तत्त्व होते. ‘सर्व स्वीकारा’ या बटणावर टेकलेले बोट हा आजचा अंगठाच आहे. त्यालाही तेच तत्त्व लागू व्हावयास हवे.

युरोपात ते लागू झाले आहे. आधीच खूण केलेल्या चौकटीने संमती सिद्ध होत नाही, असा निर्णय युरोपीय संघाच्या न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी कुकीच्याच प्रकरणात दिला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. त्या पीठावर नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे होते, व त्यांनी स्वतंत्र निकालपत्रही लिहिले.

यापुढील पाऊल म्हणजे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा होय. त्यात कुकी हा शब्द नाही. परंतु कुकीद्वारे एखाद्या व्यक्तीची ओळख पटेल अशी माहिती गोळा होत असेल, तर तिला हा कायदा लागू पडतो. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त व निःसंदिग्ध असावी, आणि ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही सोपे असावे, असे कायदा म्हणतो. अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास व त्यांना उद्देशून जाहिराती करण्यास त्यात मनाई आहे. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजेच मराठीतही, वाचण्याचा पर्याय नागरिकास द्यावा लागेल. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून सूचना व संमती यांविषयीच्या मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, अमलात यावयाच्या आहेत.

मराठी सूचनेचा हा हक्क वऱ्हाडने विशेष आपुलकीने जपावा. लोकांच्या बोलीत ज्ञान सांगण्याची महानुभावांची परंपरा ज्या रिद्धपुरात रुजली, तेथेच आज मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. शेतकऱ्याला कळेल अशा मराठीत संमतीची सूचना कशी लिहावी, हे काम अशा संस्थांनी हाती घेण्याजोगे आहे.

गावपातळीवर काय करता येईल ?

कायदा पूर्णपणे अमलात येईपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. सेवा केंद्रातील किंवा शाळेतील संगणक अनेकांच्या हाताखालून जातो. काम संपल्यावर नुसती खिडकी मिटून उठल्यास ओळखीची कुकी मागे राहते, व पुढील मनुष्य विनासायास आधीच्या मनुष्याच्या खात्यात शिरू शकतो. म्हणून ‘बाहेर पडा’ हे बटण दाबल्याखेरीज उठू नये, अशी पाटी प्रत्येक केंद्रात लावावी. केंद्रचालकाने रोज सायंकाळी ब्राउझरमधील साठलेल्या नोंदी पुसाव्यात. पट्टीवर ‘केवळ आवश्यक’ किंवा ‘नाकारा’ हा पर्याय असल्यास तो निवडावा. काम बहुधा अडत नाही. परक्या कुकी अडविण्याची सोय ब्राउझरच्या सेटिंगमध्ये असते. शिक्षकांनी ती विद्यार्थ्यांना एका तासात प्रत्यक्ष दाखवावी. मुले ती घरी वडीलधाऱ्यांना शिकवतील.

ग्रामपंचायतीचे वा कार्यालयाचे संकेतस्थळ तयार करून घेताना कंत्राटदारास विचारावे : यात कोणत्या कुकी आहेत ? कशासाठी ? किती दिवस टिकतात ? फुकट मिळणारा भेटींचा गणक किंवा सहज जोडलेली चित्रफीत यांच्याबरोबर परकी खूणही आत येऊ शकते. दाखले, परवाने व अनुदान देताना शासनास काही बाबतीत दरवेळी नवी संमती न घेता माहिती वापरता येते. दाखल्यासाठी आलेल्या नागरिकाला दुसरे दुकान नसते. म्हणूनच शासकीय संकेतस्थळाची जबाबदारी व्यापाऱ्याच्या संकेतस्थळाहून मोठी आहे.

संगणकाने शासन गावाच्या दारी आणले, हे त्याचे मोठे यश होय. त्या दारातून आत येताना नागरिकाने आपली माहिती कोणाला, कशासाठी व किती काळ द्यावी, हे त्याला त्याच्या भाषेत सांगितले गेले आणि ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक राहिली, तरच ते यश पुरे झाले असे म्हणता येईल.