गोखल्यांच्या मागे

रायपूर शहरातील पंडरी हा भाग कापडाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. अशा बाजारपेठेत पेढीच्या मूळ पुरुषाची तसबीर गादीच्या वरच्या भिंतीवर लावलेली असते, तिला सकाळी हार पडतो, उदबत्ती लागते, आणि तिच्या खाली बसून मुलगा किंवा नातू व्यवहार पाहत असतो. त्या वारसाकडे काय आले हे खातेवही उघडली की कळते. जागा, माल, येणे आणि बाजारातली पत. परंतु ज्या पुरुषाने आपल्या मागे पेढी ठेवली नाही, केवळ सात प्रतिज्ञा आणि त्या प्रतिज्ञा घेतलेली मूठभर माणसे ठेवली, त्याचा वारसा कोणी कसा चालवावा? नामदार गोपाळ कृष्ण गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यास निवर्तले तेव्हा नेमका हाच प्रश्न त्यांच्या सहकाऱ्यांपुढे उभा राहिला.

भोसल्यांच्या अमदानीपासून छत्तीसगडात स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना गोखल्यांचे नाव परके नव्हते. मात्र अधिक जवळचे नाव टिळकांचे होते. रायपूरच्या माधवराव सप्र्यांनी ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले आणि टिळकपक्षाचा संदेश ह्या प्रांतात पोहोचवला. गोखल्यांचा विचार इकडे आला तो नागपूरच्या वाटेने. १९११ साली त्यांच्या संस्थेने नागपुरास ‘हितवाद’ हे इंग्रजी पत्र सुरू केले, आणि नटेश अप्पाजी द्रविड हे त्यांचे पहिल्या दिवसापासूनचे सहकारी तेथे संपादनाच्या कामास बसले. पुढे ते पत्र संस्थेच्या हातून गेले. नाव मात्र टिकले, आणि त्याची एक आवृत्ती रायपुरातूनही निघू लागली.

ती संस्था म्हणजे भारत सेवक समाज. (१९५२ साली नियोजन मंडळाच्या प्रेरणेने ह्याच नावाची जी दुसरी संस्था निघाली तिचा हिच्याशी संबंध नाही.) १२ जून १९०५ रोजी पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयामागील टेकडीच्या परिसरात ह्या समाजाची स्थापना झाली. त्या दिवशी गोखल्यांनी प्रथम स्वतः शपथ घेतली व नंतर द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर आणि अनंत विनायक पटवर्धन ह्या तिघांना दिली. त्याच वर्षाच्या अखेरीस गोखले बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्या काळी हिंदी माणसास मिळू शकणारा तो सर्वांत मोठा लोकमान्य मान होता, आणि तो वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी त्यांच्याकडे चालून आला. पण काँग्रेसचे अध्यक्षपद एका वर्षाचे असते. मागे उरायचे ते त्या टेकडीवरचे काम, हे त्यांनी अध्यक्ष होण्यापूर्वीच ओळखले होते.

समाजाची घटना मोठी कडक होती. देशाला प्रथम स्थान द्यावे, जातिधर्माचा भेद मानू नये, कोणाशी वैयक्तिक भांडण करू नये, खाजगी जीवन शुद्ध ठेवावे, अशा त्या प्रतिज्ञा. त्यांत सर्वांत जड होती ती पैशाविषयीची. संस्था आपल्या व आपल्या कुटुंबाच्या निर्वाहासाठी जी तजवीज करील तीत समाधान मानावे, आणि स्वतःसाठी द्रव्य मिळवण्यात शक्तीचा अंशही खर्चू नये. त्यानंतर पाच वर्षांची उमेदवारी. आणि ह्या सर्वांच्या शिरोभागी ‘प्रथम सभासद’, म्हणजे गोखले स्वतः. कारभाराची सूत्रे त्यांच्याच हाती. लोकसत्तेसाठी कायदेमंडळात अहर्निश झगडणाऱ्या पुरुषाने आपल्या संस्थेत मात्र एकसूत्री सत्ता ठेवावी ह्यात विसंगती आहे खरी. परंतु उमेदवारांना वळण लावायचे होते. आणि वळण लावण्याचे काम मतदानाने होत नाही अशी त्यांची समजूत असावी.

ही अट किती माणसे परत पाठवीत असे ह्याचे एक उदाहरण पुढे साऱ्या देशाच्या परिचयाचे झाले. १९१० साली कलकत्त्यास एका बुद्धिमान बिहारी तरुणाला गोखल्यांनी बोलावून घेतले आणि समाजात येण्याचा आग्रह केला. तरुणाचे मन ओढ घेत होते. कित्येक दिवस त्याला झोप लागली नाही. शेवटी त्याने वडील बंधूंना पत्र लिहून परवानगी मागितली. घरातला आकांत पाहून त्याचा निश्चय मोडला आणि तो वकिलीकडे वळला. तो तरुण म्हणजे राजेंद्रप्रसाद. स्वतंत्र भारताचे पहिले राष्ट्रपती होण्याचे त्यांच्या नशिबी होते, भारत सेवक होण्याचे नव्हते.

दुसरे उदाहरण ह्याहून थोर, आणि संस्थेच्या दृष्टीने अधिक कसोटीचे. गांधीजी जानेवारी १९१५ मध्ये आफ्रिकेतून परतले ते गोखल्यांना गुरुस्थानी मानून. त्यांनी समाजात यावे ही गोखल्यांची इच्छा होती. पण सभासदांना शंका वाटत होती. अवघ्या सहा आठवड्यांत गोखले गेले. शांतिनिकेतनात असलेले गांधीजी धावत पुण्यास आले आणि प्रवेशाचा प्रश्न उघडपणे पुढे आला. काहींचा कल त्यांना घेण्याकडे होता, काहींचा तीव्र विरोध. विरोध व्यक्तीला नव्हता. ह्या माणसाचा मार्ग आपल्या गुरूच्या मार्गाहून निराळा आहे, तो आत आला तर संस्था त्याची होईल, गोखल्यांची उरणार नाही, हे त्यांना दिसत होते. निर्णय होईना, सभा तहकूब झाली. तेव्हा गांधीजींनीच श्रीनिवास शास्त्र्यांना पत्र लिहून आपला अर्ज मागे घेतला आणि तहकूब सभा भरवूच नये असे सुचवले. सभासदत्व न मिळाल्याने आपण खऱ्या अर्थाने सभासद झालो, असे त्यांनी पुढे आत्मचरित्रात म्हटले आहे.

ज्यांनी गांधीजींना आत घेण्यास नाखुषी दाखवली त्यांना पुष्कळांनी पुढे कोते ठरवले. हा न्याय बरोबर नाही. कोणा थोराचा वारसा सांभाळण्याचे काम त्याच्या तोडीच्या दुसऱ्या थोराकडे सोपवले तर तो सांभाळत नाही, बदलतो. हे काम करावे लागते ते किंचित खालच्या उंचीच्या, पण शिस्तीत राहू शकणाऱ्या माणसांनी. गोखल्यांच्या मागे अशी माणसे उभी राहिली, आणि समाजाची पुढची साठ वर्षे त्यांच्यावर तोलली गेली. त्याची किंमतही समाजाला मोजावी लागली. ती पुढे दिसेल.

आपले चरित्र लिहिण्यात किंवा पुतळा उभारण्यात वेळ दवडू नका, देशाच्या सेवेत जीव ओता, असे गोखल्यांनी अखेरच्या दिवसांत सांगितल्याचे सहकारी सांगत. हा उपदेश त्यांनी बऱ्याच अंशी पाळला. शास्त्र्यांनी गोखल्यांच्या चरित्रावर व्याख्याने दिली ती वीस वर्षे लोटल्यावर. भाषणांचे व लेखांचे मोठे संग्रह पटवर्धन आणि आंबेकर ह्यांच्या संपादनाखाली निघाले ते १९६० नंतरच्या दशकात.

शास्त्री हे प्रथम सभासदाचे उत्तराधिकारी. तमिळ प्रांतातले, मद्रासच्या एका शाळेचे मुख्याध्यापक, १९०७ साली समाजात आलेले. पुण्याच्या मराठी गोखल्यांनी स्थापलेल्या संस्थेचे सूत्र एका मद्रासी ब्राह्मणाकडे जावे ह्यात त्या वेळी कोणाला काही वावगे वाटले नाही. शास्त्र्यांची इंग्रजी वाणी इंग्रजांनाही मोह घालणारी होती. गोखल्यांचे राजकारण त्यांनी जसेच्या तसे चालवले: सनदशीर मार्ग, अभ्यासपूर्ण टीका, सरकारशी वाटाघाट. १९१८ साली समाजाचे इंग्रजी साप्ताहिक निघाले. त्याच सुमारास शास्त्री व त्यांचे सहविचारी काँग्रेसपासून दूर झाले. १९२७ साली ते हिंदुस्थानचे प्रतिनिधी म्हणून दक्षिण आफ्रिकेत गेले. गोखल्यांनी १९१२ मध्ये तेथे जे काम आरंभिले होते त्याचाच तो पुढचा दुवा होता. परंतु देशात वारे फिरले होते. पूर्वी हजारो माणसे ज्या पद्धतीचे भाषण ऐकायला जमत, ते आता शेकडोही ऐकेनात. राजकीय वारसा शास्त्र्यांनी अक्षरशः सांभाळला आणि तो त्यांच्या हातात असतानाच काळाने त्याला मागे टाकले.

जिवंत राहिला तो दुसरा भाग, ज्याची वर्तमानपत्रांत फारशी चर्चा नसे. देवधरांनी १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या साथीने पुण्यात सेवासदन उभे केले होते. तेथे विधवा व प्रौढ स्त्रिया अक्षरओळखीपासून परिचर्येच्या शिक्षणापर्यंत पोहोचल्या. सहकारी पतपेढ्यांसाठी ते गावोगाव हिंडले, आणि १९२१ मध्ये मलबारात मोपल्यांचा उठाव होऊन हजारो कुटुंबे निराधार झाली तेव्हा हा पुण्याचा माणूस तिकडे मदतकार्यास गेला. शास्त्र्यांच्या नंतर १९२७ पासून १९३५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेच अध्यक्ष होते. नारायण मल्हार जोशी मुंबईच्या गिरणगावात गेले. १९११ साली त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली, रात्रीच्या शाळा आणि वाचनालये चालवली. १९२० साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस उभी राहिली तीत त्यांचा मोठा हात होता, आणि १९२६ चा कामगार संघटनांचा कायदा झाला त्याच्या मुळाशी १९२१ साली कायदेमंडळात त्यांनी मांडलेला ठराव होता. पुढे जोशी समाजातून बाहेर पडले. गिरणी कामगारांमधले काम मात्र त्यांनी सोडले नाही.

आणि अमृतलाल ठक्कर, म्हणजे सर्वांचे ठक्करबापा. मुंबई नगरपालिकेतली इंजिनियरची चांगली नोकरी सोडून ते १९१४ साली, वयाच्या पंचेचाळिशीच्या सुमारास, समाजात आले. १९२२ मध्ये त्यांनी दाहोदकडे भिल्ल सेवा मंडळ स्थापले. १९३२ नंतर हरिजन सेवक संघाचे चिटणीस म्हणून गांधीजींच्या खांद्याला खांदा लावला. नोव्हेंबर १९३३ मध्ये गांधीजींचा हरिजन दौरा वर्ध्याहून निघून रायपूर, धमतरी, बिलासपूर ह्या भागात आला तेव्हा त्याच्या व्यवस्थेचा भार वाहणाऱ्यांत बापा होते. ज्या संस्थेने गांधीजींना उंबऱ्यावर थांबवले होते तिचा एक सभासद अशा रीतीने अठरा वर्षांनी त्यांच्या सोबत छत्तीसगडात चालत होता. समाजाने त्यास आक्षेप घेतला नाही. गोखल्यांची माणसे पक्षाने निराळी असली तरी कामाला आडकाठी करीत नसत.

देवधरांच्या नंतर पंडित हृदयनाथ कुंझरू अध्यक्ष झाले. ते मूळचे काश्मिरी, राहणार उत्तर प्रदेशातले, आणि १९०९ पासूनचे सभासद. अखेरपर्यंत, म्हणजे १९७८ पर्यंत, ते त्या पदावर होते. रायपूरच्या मराठी माणसांच्या आयुष्याला त्यांचा हात लागला, पण वेगळ्या वाटेने. १९५३ साली नेमलेल्या राज्य पुनर्रचना आयोगाच्या तीन सभासदांत ते एक होते. १९५५ च्या अहवालात आयोगाने विदर्भाचे स्वतंत्र राज्य सुचवले आणि जुन्या मध्यप्रदेशातले हिंदी जिल्हे नव्या मध्यप्रदेशात घालण्याची शिफारस केली. विदर्भाचे राज्य झाले नाही, पण १ नोव्हेंबर १९५६ रोजी रायपूर नागपूरपासून तुटले ते तुटलेच. शाळा, कचेरी अशा बाबतींत नागपूरकडे पाहणाऱ्या कुटुंबांना आता भोपाळकडे पाहावे लागले. २००० साली छत्तीसगडचे राज्य झाले तेव्हा राजधानी दाराशी आली. ती हिंदीतून बोलणारी होती, आणि तोवर घरातली मुलेही बोलू लागली होती.

कुंझरूंच्या बेचाळीस वर्षांनी समाजाला स्थैर्य दिले. नव्या उमेदवारांचा ओघ मात्र आटत गेला. स्वातंत्र्यानंतर सरकारी सेवेत, विद्यापीठात, पुढे स्वयंसेवी संस्थांत तरुणांना देशकार्याचे पगारी मार्ग उघडले. तुटपुंज्या निर्वाहवेतनावर आयुष्य वाहण्याचे आवाहन त्यांच्या कानी पडले तरी पाय उचलेना. आधीच्या शिस्तीने आतल्या माणसांना टिकवले होते. बाहेरच्या नव्यांना आत आणण्याची कला तिच्यात नव्हती. हीच ती किंमत.

गोखल्यांच्या अभ्यासाचा वारसा तेवढा अधिक सुदैवी ठरला, आणि तो समाजाच्या सभासदाकडे न जाता बाहेरच्या माणसाकडे गेला. १९३० साली रावबहादूर रावजी रामचंद्र काळे ह्यांच्या देणगीतून समाजाच्या जागेवर गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. १९०२ मध्ये गोखल्यांनी कलकत्त्याच्या कायदेमंडळात सरकारी शिलकीवर आक्षेप घेताना आकड्यांनी जे काम केले, तेच गाडगीळांनी शेतकऱ्यांच्या उत्पन्नाचे, शहरांचे, सहकारी साखर कारखान्यांचे अभ्यास करून पुढे नेले. १९११ सालचे गोखल्यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक पुढच्या वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी नापास झाले होते. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी.

अलीकडची वार्ता सुखद नाही. २०२४ मध्ये संस्थेच्या कुलगुरूंच्या पदाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२५ मध्ये पैशाच्या विनियोगासंबंधी पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. खरे काय, खोटे काय, हे न्यायालय ठरवील. ज्या संस्थेत प्रवेश करताना पैशाविषयी प्रतिज्ञा घ्यावी लागते तिच्या नावापुढे हे शब्द यावेत, एवढीच गोष्ट पुण्यातल्या जुन्या मंडळींना खुपली.

टेकडीच्या पायथ्याच्या त्या आवारात १९०५ साली समाजाने स्वतःसाठी पुस्तके जमवण्यास आरंभ केला होता. सरकारी अहवाल, जनगणनेचे खंड, अंदाजपत्रके असे ते कोरडे वाङ्मय. उमेदवारांनी ते वाचल्यावाचून व्यासपीठावर उभे राहू नये असा गोखल्यांचा दंडक होता. तो संग्रह वाढत जाऊन आता धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय ह्या नावाने ओळखला जातो. अर्थशास्त्राचे विद्यार्थी तेथे येतात. त्यांतल्या बहुतेकांनी कसलीही प्रतिज्ञा घेतलेली नसते.