तरुण पिढी आणि आपली धर्मभावना
(दिग्रस येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या समाजातील वडीलधाऱ्या मंडळींची एक तक्रार हल्ली वारंवार आमच्या कानी येते. पुण्या-नागपुरास शिक्षणासाठी वा नोकरीसाठी गेलेली मुले घरचा कुलाचार टाळतात, माहूरगडी रेणुकामातेच्या दर्शनास येत नाहीत. आणि तीच मुले इगतपुरीस जाऊन दहा दहा दिवस डोळे मिटून बसतात, मोबाईलवरील सूचनांबरहुकूम श्वास मोजतात. यावरून त्यांनी धर्म सोडला असा निष्कर्ष निघतो. तो आम्हांस मान्य नाही.

इगतपुरीस काय घडते ते प्रथम पाहू. सत्यनारायण गोएंका १९६९ साली ब्रह्मदेशातून विपश्यना घेऊन भारतात आले आणि १९७६ साली तेथील धम्मगिरी केंद्र सुरू झाले. दहा दिवस मौन पाळावयाचे, पहाटे चारला उठावयाचे, श्वासाकडे व देहावरील संवेदनांकडे समभावाने पाहावयाचे. शुल्क नाही, पूर्वीच्या साधकांच्या दानावर खर्च चालतो. जो तरुण हे व्रत पार पाडतो त्यास धर्महीन कसे म्हणावे? आजीची एकादशी आणि नातवाचे मौन, दोहोंच्या मुळाशी संयमच आहे.

मग घरच्या देवघराशीच दुरावा का? मुलाने कुलाचाराचा अर्थ विचारला की आपण ‘असेच चालत आले आहे’ म्हणून त्यास गप्प करतो. तेथे मात्र प्रत्येक गोष्टीचे कारण सांगणारे कोणी भेटते. हा दोष मुलांचा नव्हे.

तथापि तरुणांनाही आम्हांस काही सांगावयाचे आहे. स्वतःपुरती शांती मिळवून जो थांबला, त्याची साधना अर्धीच राहिली. आपल्या वऱ्हाडात ही दोन अंगे कधी तुटली नाहीत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीस गुरुकुंज उभारले. त्यांच्या शिकवणीत ध्यान आणि सामुदायिक प्रार्थना यांच्या जोडीस ग्रामसफाई होती. गाडगेबाबा दिवसा झाडू हाती घेत आणि रात्री कीर्तन करीत. घंटीबाबांच्या या दिग्रसमध्येही श्रद्धा ही चारचौघांत वाटून घेण्याचीच वस्तू राहिली आहे.

आणखी एक सावधगिरी. ‘ऊर्जे’च्या नावाने हजारो रुपयांचे स्फटिक विकणारा आणि भूत उतरविणारा मांत्रिक हे सख्खे भाऊच होत. मांत्रिकाच्या अघोरी उपचारांसाठी राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्या दुसऱ्या भावापासून आपला विवेकच आपणांस राखील. ज्याचे मन खचले आहे, झोप उडाली आहे, जगणे नकोसे वाटते आहे, त्यास ना नवस पुरे, ना नुसते ध्यान. त्यास डॉक्टरांकडे न्यावे, आणि त्यात कसलाही कमीपणा मानू नये. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे दुःख उराशी बाळगणाऱ्या या यवतमाळ जिल्ह्यात तरी हे बोलून दाखविणे आम्ही कर्तव्य समजतो.

म्हणून दोनच विनंत्या. पालकांनी या नवरात्रात घट बसविताना मुलांना त्या घटाचा, त्यात रुजणाऱ्या धान्याचा अर्थ सांगावा. ठाऊक नसल्यास त्यांच्यासह शोधावा. तरुणांनी सुटीत घरी आल्यावर दिवेलागणीस आजीशेजारी घटकाभर बसावे, आणि शिकून आलेले मौन तिलाही सांगावे. दोघांनी डोळे मिटावेत आणि उघडल्यावर शेजारच्या घरी कोणी आजारी, कोणी अडचणीत आहे का, ते पाहावे. एवढे घडले तर देवघरातील समई आणि इगतपुरीची साधना यांत भांडण उरणार नाही.