कृष्णधवल करताना कुंकू सांभाळा



लग्नाचे, बारशाचे, आजीच्या पंच्याहत्तरीचे शेकडो रंगीत फोटो हल्ली प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असतात. त्यातला एखादा चांगला निघाला की कोणीतरी म्हणतंच, ‘हा ब्लॅक अँड व्हाइट करून बघ ना, भारी दिसेल!’ मग एक बटण दाबलं जातं आणि समोर येतो मरगळलेला, राखाडी फोटो. रंग काढून घेतले की कृष्णधवल आपोआप उरतं, अशी आपली समजूत असते. तसं होत नाही. कोणत्या रंगाला करड्याची कोणती छटा द्यायची, हे कोणाला तरी ठरवावं लागतं. तुम्ही ठरवलं नाहीत तर यंत्र ठरवतं.

यंत्राची रीत साधी आहे. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे असतात: लाल, हिरवा आणि निळा, प्रत्येकी 0 ते 255. आपल्या डोळ्यांना हिरवा सगळ्यांत उजळ भासतो आणि निळा सगळ्यांत मंद. म्हणून टीव्हीच्या तंत्रातून आलेलं एक सूत्र सर्रास वापरतात: लालचे 30 टक्के, हिरव्याचे 59 टक्के, निळ्याचे 11 टक्के घ्यायचे आणि बेरीज करायची.

रेडिओवर फोटो दाखवता येत नाही, म्हणून आकडेच सांगतो. हिरवा शालू आणि त्याला लाल काठ. शालूच्या एका ठिपक्याचे आकडे धरा: लाल 20, हिरवा 120, निळा 50. काठाचे धरा: लाल 200, हिरवा 30, निळा 40. सूत्रात घालून बघा, दोन्हींचं उत्तर 82 येतं. म्हणजे ज्या काठासाठी दुकानात दोन तास घासाघीस केली, तो काठ फोटोतून गायब!

यावरचा उपाय बहुतेक चांगल्या प्रोग्रॅममध्ये असतो. फोटोशॉपमध्ये आहे, फुकट मिळणाऱ्या गिंपमध्ये आहे, आणि मोबाइलवरच्या स्नॅपसीडमध्येही रंगीत फिल्टरच्या रूपात आहे. टक्केवारी आपण बदलायची. नुसता लाल घेतला तर काठ 200 आणि शालू 20, काठ लखलखतो. नुसता हिरवा घेतला तर काठ 30, शालू 120, काठ काळाभोर. दोन्ही बरोबरच आहेत, तुम्हाला काय दाखवायचंय एवढाच प्रश्न.

पण शालू नेसलेल्या बाईला चेहराही असतो, आणि खरी गंमत तिथे आहे. लालचा वाटा वाढवला की त्वचा उजळ आणि नितळ दिसते, तांबूस डाग, पुटकुळ्या विरून जातात. त्यामुळे सगळ्यांना तोच आवडतो. आता गव्हाळ कपाळाचे आकडे धरा 190, 140, 110 आणि कुंकवाचे काठासारखेच 200, 30, 40. लालमध्ये कपाळ 190, कुंकू 200. पुसलं गेलं की हो कुंकू! शेजारी आजोबा धडधाकट बसलेले आणि आजीचं कपाळ मोकळं, असा फोटो भिंतीवर लावायची माझी तरी हिंमत नाही. हिरव्याचा वाटा वाढवा. कपाळ 140, कुंकू 30, ठसठशीत उमटतं. त्वचेवरचे डागही थोडे परत येतात, पण ते आजीचेच आहेत, येऊ द्यावेत. निळ्याच्या नादी मात्र चेहऱ्यासाठी लागू नये. तो प्रत्येक वांग आणि सुरकुती मोजून दाखवतो.

पणजीच्या फोटोत कुंकू डांबरासारखं काळं का दिसतं, याचंही उत्तर इथेच आहे. त्या काळच्या बऱ्याच काचेच्या प्लेटना आणि फिल्मना लाल रंग दिसतच नसे. पुढे सगळे रंग ओळखणारी फिल्म आली आणि छायाचित्रकार भिंगापुढे रंगीत काच लावून छटा ठरवू लागले. अमेरिकेतल्या योसेमिटीच्या हाफ डोम कड्याचा फोटो छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स यांनी 1927 मध्ये काढला. आधी पिवळी काच लावून एक प्लेट घेतली, ती मनासारखी होणार नाही असं वाटल्यावर उरलेल्या प्लेटला गडद लाल काच लावली. निळं आकाश जवळजवळ काळं झालं आणि कडा उठून आला. त्यांना छटा बटण दाबण्याआधी ठरवावी लागली, आपण घरी चहा पितापिता ठरवू शकतो. मात्र आकाश काळं करायला निळा फार खाली ओढला तर तिथे रवाळपणा येतो आणि डोंगराच्या कडेला पांढरी किनार उमटते. जेपेग फाइलमध्ये असं ओढायला वाव कमी, कारण तिच्यात प्रत्येक रंगाच्या 256 च पायऱ्या असतात. 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या नोंदीत, 16,384. कॅमेरा रॉ देत असेल तर तीच घ्या.

आणि प्रत्येक फोटो कृष्णधवल करायलाच हवा असंही नाही. जेजुरीला उधळलेल्या भंडाऱ्याचा रंग काढला तर उरतो नुसता धुरळा. छायाचित्रकार रघुवीर सिंग यांनी तर भारत रंगातच पाहायला हवा असा आग्रह धरला आणि आयुष्यभर रंगीत फोटो काढले. मला त्यांचं सगळंच पटत नाही, पण भंडाऱ्यापुरतं शंभर टक्के पटतं.

शेवटी दोन कामाच्या गोष्टी. कॅमेऱ्यातच ब्लॅक अँड व्हाइट लावून जेपेग काढलात तर रंग कायमचे गेले, मग वर सांगितलेलं काहीच करता येत नाही. तेव्हा फोटो रंगीतच काढा आणि कृष्णधवल प्रत वेगळ्या नावाने ठेवा. आणि मोठी प्रिंट सांगण्याआधी त्याच ठिकाणाहून एक लहान प्रिंट काढून घ्या, दिवसाच्या उजेडात धरून बघा. रंगीत शाईने छापलेल्या करड्यावर हिरवट किंवा जांभळट झाक येऊ शकते. ती दिसली तर पैसे देण्याआधी दुकानदाराला सांगा.