भंडारा जिल्हा: पाण्याने वाचायचा नकाशा

जवाहरनगरहून बोलतोय. आज आपला भंडारा जिल्हा. तालुके सात: भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाला, नवेगाव बांध तिकडे गेला. ‘तलावांचा जिल्हा’ हे नाव मात्र आपण सोडलं नाही!

मला विचाराल तर इथला भूगोल तालुक्यांनी नाही, पाण्याने कळतो. कोहळी समाजाने जमिनीचा उतार पाहून बांधलेल्या मालगुजारी तलावांवर अजून धान पिकतं. आणि वैनगंगा? गोसेखुर्दची भिंत पवनी तालुक्यात, पण तुंबलेलं पाणी थेट भंडारा शहराजवळ. मध्ये कित्येक गावं बुडीतात गेली. मॅप झूम करा, तिथे नुसतं निळं दिसतं. तुमचं गाव त्यात होतं का? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो.