बाळंतपणानंतरचे दोन तास
(मुलुंड येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



प्रसूती विभागातल्या सेवांवर बोला, असं संयोजकांनी सुचवलं. सोनोग्राफी, लसी, आहार, व्यायाम याबद्दल तुम्हाला हल्ली पुष्कळ ऐकायला मिळतं. म्हणून मी आजचा सगळा वेळ बाळ जन्मल्यानंतरच्या दोन तासांना देणार आहे. बाळ रडल्याचा आवाज आला की बाहेर फोन सुरू होतात, पेढे मागवले जातात, सासूबाई देवाला हात जोडतात. आतली बाई मात्र त्याच वेळी बाळंतपणातल्या सगळ्यात धोक्याच्या टप्प्यात शिरलेली असते. एखादा प्रसूती विभाग कसा आहे हे मला कुणी विचारलं, तर या दोन तासांत तिच्याजवळ कोण असतं आणि काय करतं, एवढंच मी बघते.

दिवस भरलेल्या गर्भपिशवीला मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त पुरवलं जात असतं. वार सुटली की ती जिथे चिकटलेली होती तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. पिशवीचे स्नायू आकसतात आणि त्या वाहिन्या आवळून धरतात, म्हणून रक्त थांबतं. लांबलेल्या कळा, जुळं, मोठं बाळ किंवा आधीची बरीच बाळंतपणं, अशा कशानेही पिशवी थकली आणि सैल राहिली, तर रक्त वाहतच राहतं. कधी यातलं एकही कारण नसतं आणि तरीही ती सैल पडते. धडधाकट बाई त्याने तास-दोन तासांत दगावू शकते. आपल्याकडे तर अनेकजणी मुळातच रक्त कमी असताना प्रसूतीच्या टेबलावर येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर महिलांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. अकरा हिमोग्लोबिन असलेली बाई जेवढा रक्तस्राव सोसेल, तेवढा सात असलेली सोसणार नाही.

आता लेबर रूममध्ये चला. बाळ झालं, मिनिटाभरात ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं गेलं, वार पडली, टाके झाले. सिस्टर बेंबीच्या आसपास हात ठेवून पिशवी चाचपते. नीट आकसलेली पिशवी क्रिकेटच्या चेंडूसारखी टणक लागते. सैल असेल तर ती हाताला सापडतच नाही, आणि मग वरून चोळायला सुरुवात करायची. ही तपासणी पहिल्या दोन तासांत दर पंधरा मिनिटांनी व्हायला हवी, सोबत नाडी आणि रक्तदाबही. एका सिस्टरच्या वाट्याला चार टेबलं असतील, तर कागदावर पंधरा मिनिटांच्या नोंदी दिसतील, पण हात प्रत्येक पोटावर पोचलेला नसेल.

आणि रक्त किती गेलं हे कसं ठरवायचं? वर्षानुवर्षं ते नजरेनेच ठरवलं गेलं. पॅड भिजले, चादर भिजली, थोडं बादलीत गेलं, थोडं फरशीवर. मग कुणीतरी म्हणायचं, 'असेल तीनशे मिली.' या अंदाजाला उत्तर आपल्या सीमाभागातून आलं, हे मला मुद्दाम सांगायचंय. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर काम करताना पारदर्शक प्लास्टिकची एक निमुळती झोळी वापरात आणली. ती बाळंतिणीच्या कमरेखाली सरकवायची. रक्त तिच्यात साठतं आणि तिच्यावरच्या रेघा थेट वाचता येतात. नजरेचा अंदाज आणि झोळीतलं माप यांची तुलना केली तेव्हा नजर सुमारे एकतृतीयांशाने कमी सांगत होती.

त्याच बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांमध्ये १,६२० बाळंतपणांवर झालेला अभ्यास २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. ऑक्सिटोसिन थंडाव्यात ठेवावं लागतं. जिथे फ्रिजचा भरवसा नाही तिथे तोंडाने घ्यायची मिसोप्रोस्टॉलची गोळी चालेल का, हा प्रश्न होता. परिचारिकांनी ती गोळी दिली आणि अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. खेड्यातल्या एएनएमच्या हातून झालेलं हे काम जगभर वाचलं गेलं. आपल्याकडे त्याची म्हणावी तशी वाच्यता झाली नाही, याची मला खंत वाटते.

पुढे आफ्रिकेतल्या चार देशांमधल्या ऐंशी रुग्णालयांत अशीच मापाची झोळी वापरून एक मोठा प्रयोग झाला. रक्त मोजायचं आणि मर्यादा ओलांडताच पोट चोळणं, औषधं, सलाईन, तपासणी हे सगळं एकदम सुरू करायचं. एक करून बघू, मग दुसरं, असं थांबायचं नाही. २०२३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं आणि त्यातून येणारा मृत्यू, हे सगळं धरून प्रमाण ६० टक्क्यांनी घटलं. त्या प्रयोगात कुठलंही नवं औषध नव्हतं.

मग आपल्या उपनगरांत अडतं कुठे? मुंबईत महापालिकेची उतरंड आहे. वस्तीत आरोग्य केंद्र, त्यावर प्रसूतिगृह, त्यावर मुलुंडचं अगरवाल, घाटकोपरचं राजावाडी, कांदिवलीचं शताब्दी यांसारखी उपनगरीय रुग्णालयं, आणि सगळ्यात वर शीव, केईएम, नायर आणि आता कूपर. कागदावर ही रचना उत्तम आहे. पण रक्तस्राव सुरू झालेल्या बाईला एका पायरीवरून दुसरीवर नेताना मध्ये पूर्व द्रुतगती मार्ग असतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये भांडुपच्या महापालिका प्रसूतिगृहात वीज गेली. सिझर मोबाइलच्या उजेडात झालं, असं कुटुंबाने सांगितलं. बाळ गेलं आणि आईही गेली. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोचलं. इथून भांडुप किती जवळ आहे, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. जनरेटर सुरू होतो का, रक्त किती वेळात येतं, रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ कुठे असतो, हेसुद्धा प्रसूतिशास्त्रच आहे.

आणखी एक गोष्ट खास आपल्या घरांतली. नाव घातलेलं असतं अंधेरीला, सातव्यात डोहाळजेवण होतं आणि मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते, रत्नागिरीला, साताऱ्याला. ओटीचं सामान आठवणीने बांधून दिलं जातं. केसपेपर, रक्तगटाचा कागद आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट मात्र अंधेरीच्या कपाटात राहतात. वार खाली आहे हे त्या रिपोर्टात लिहिलेलं असेल आणि तिथल्या डॉक्टरांना ते रक्तस्राव सुरू झाल्यावर कळलं, तर फार उशीर झालेला असतो. माहेरी जरूर जावं, आईच्या हाताला तोड नाही. फक्त फाइल ओटीच्या आधी पिशवीत घाला.

महाराष्ट्राची प्रगती मी नाकारत नाही. २००१-०३ मध्ये राज्यात लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. देशात केरळच्या खालोखाल हा क्रमांक होता. केरळमध्ये तो १९ होता. तिथले प्रसूतितज्ज्ञ २००४ पासून माता-मृत्यूंचा गोपनीय आढावा घेतात. डॉक्टरचं, रुग्णालयाचं नाव बाहेर येत नाही, शिक्षेसाठी तो घेतलाच जात नाही. कुठे उशीर झाला ते शोधून पुस्तकरूपाने छापतात आणि सगळ्यांना शिकवतात. आपल्याकडे आढाव्याच्या सरकारी समित्या आहेत, पण त्यातला धडा शेजारच्या प्रसूतिगृहातल्या सिस्टरपर्यंत पोचत नाही. मुंबईने केरळचा हा पाठ उचलायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या घरात कुणी नाव घालायला जाणार असेल तर तिच्याबरोबर जा. खोलीला एसी आहे का, हे नंतर विचारा. आधी विचारा की इथे रक्तस्राव मोजतात का, बाळंतिणीला पहिले दोन तास कुणाच्या नजरेखाली ठेवतात आणि रक्त लागलं तर ते कुठून, किती वेळात येतं. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. उत्तर धड मिळालं नाही तर नाव दुसरीकडे घाला. आणि जिला दुसरीकडे जाणं परवडत नाही, तिच्यासाठी हेच प्रश्न आपल्या वॉर्डातल्या प्रसूतिगृहाबद्दल लेखी विचारा. इथे बसलेल्या ज्येष्ठ मंडळींकडे वेळ आहे, शब्दाला वजन आहे. हे काम तुम्ही अंगावर घ्या.