पास म्हटल्यानंतरची बोली

ब्रिजच्या खेळात पाने खाली पडण्यापूर्वी जो संवाद चालतो, त्याचा शब्दकोश अवघ्या पंधरा शब्दांचा आहे. एक ते सात हे आकडे. किलवर, चौकट, बदाम आणि इस्पिक हे चार रंग. ‘बिनहुकमी’ हा पाचवा प्रकार. आणि जोडीला ‘पास’, ‘डबल’ व ‘रीडबल’. एवढ्याच भांडवलावर दोन भिडूंनी आपापल्या तेरा पानांची हकीकत एकमेकांना सांगावयाची असते. डोळ्यांची खूण चालत नाही, सुस्कारा चालत नाही, आवाजातला चढउतारही चालत नाही. इतक्या तुटपुंज्या भाषेत प्रत्येक शब्दाचा अर्थ संदर्भावरून ठरतो. आणि त्या संदर्भांत फार मोठे वजन एका गोष्टीला असते. बोलणाऱ्याने पहिल्या फेरीत ‘पास’ म्हटले होते काय?

१९२५ साली हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी कॉन्ट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धती सिद्ध केली, तेव्हा जुन्या ऑक्शन ब्रिजहून एक महत्त्वाचा फरक झाला. पूर्वी बोली लहान लावली तरी प्रत्यक्ष जिंकलेले सगळे हात गेमसाठी धरले जात. नव्या खेळात जेवढे बोलले तेवढेच गेमसाठी धरावयाचे, असे ठरले. साहजिकच, चांगली पाने असताना भिडू मध्येच थांबला तर नुकसान होऊ लागले. या गरजेतून बंधनकारक बोलीचा जन्म झाला. ‘माझे सांगणे संपलेले नाही, तू पास म्हणू नकोस,’ हा तिचा आशय. १९३० नंतर ईली कल्बर्टसन यांच्या पुस्तकांनी ही कल्पना सर्वदूर नेली. पुढे चार्ल्स गोरेन यांनी एक्क्याला चार, राजाला तीन, राणीला दोन आणि गुलामाला एक गुण देण्याची मोजणी लोकप्रिय केली आणि सामान्य खेळाडूच्या हाती एक माप आले.

त्या मापाने पाहता संपूर्ण जोडातील गुण चाळीस. पहिली बोली करावयास साधारण तेरा गुण हवेत. इस्पिक, बदाम किंवा बिनहुकमीत गेम गाठावयास दोन्ही भिडूंचे मिळून सव्वीसच्या आसपास. आता समजा, एकाने ‘एक बदाम’ म्हटले आणि ज्याने अद्याप तोंड उघडलेले नाही अशा भिडूने ‘एक इस्पिक’ म्हटले. या भिडूपाशी सहा गुण असतील किंवा अठराही असतील. वरची मर्यादा माहीत नसल्यामुळे पहिल्याला थांबण्याचा अधिकार नाही. म्हणून नव्या रंगाचे उत्तर बंधनकारक.

परंतु तोच भिडू आधी पास झाला असेल, तर त्याने स्वतःच्या सामर्थ्यावर स्वतःच मर्यादा घातलेली असते. त्याच्यापाशी फार तर अकरा-बारा गुण असणार. शिवाय तिसऱ्या स्थानावरचा खेळाडू अनेकदा दहा-अकरा गुणांवरही पहिली बोली करतो. विरोधकांची वाट अडवावी आणि भिडूला उतारीसाठी योग्य रंग सुचवावा, हा त्याचा हेतू. अशा वेळी त्याला बेरीज लख्ख दिसते: दहा आणि अकरा, एकवीस. गेम शक्य नाही. मग समोरचा रंग बरा वाटला तर तिथेच थांबण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. एका पातळीवरील नवा रंग, दोनच्या पातळीवरील नवा रंग, ‘एक बिनहुकमी’ हे उत्तर, या सर्वांचे बंधन पास झालेल्या भिडूच्या तोंडी गळून पडते.

मग कोणत्या बोलींचे बंधन टिकते? येथे यादी पाठ करण्यापेक्षा बंधनाचे कारण ओळखणे अधिक उपयोगी. जे बंधन बोलणाऱ्याच्या अमर्याद सामर्थ्यावर उभे असते, ते पासाबरोबर संपते. जे रंगाच्या जुळणीवर उभे असते, ते टिकते. आणि जी बोली मुळातच खेळण्याजोगी नसते, केवळ निरोप म्हणून असते, तिचेही बंधन टिकते.

जुळणीचे उदाहरण उडीच्या बोलीचे. ‘एक बदाम’ला न पास झालेल्या भिडूने ‘तीन चौकट’ अशी उडी मारली, तर जुन्या पद्धतीत ती प्रचंड सामर्थ्याची घोषणा होती. पास झालेल्यापाशी ते सामर्थ्य असणे अशक्य. म्हणून तेथे तिचा अर्थ बदलतो. ‘बदामांना माझा भक्कम पाठिंबा आहे, आणि चौकटही चांगली पाच पानी आहे’ असे ती सांगते. पहिला निदान बदामांकडे परत येऊ शकतो, म्हणून ही उडी एका फेरीपुरती बंधनकारक मानली जाते. निरोपाच्या वर्गात विरोधकांच्याच रंगाची बोली येते. बिनहुकमी बोलीवर चार पानी बदाम-इस्पिकची चौकशी करणारे ‘दोन किलवर’ येते. या बोलींवर पास म्हणणे म्हणजे प्रश्नालाच उत्तर समजणे होय. तसेच पहिल्याच्या स्वतःच्या अंगी जबर सामर्थ्य असेल, तर त्याने घातलेले बंधन भिडूच्या पासाने कमी होत नाही.

या विषयातील खरी पंचाईत एका उदाहरणाने ध्यानात येईल. तिसऱ्या स्थानावरील खेळाडूपाशी इस्पिकचा एक्का, राजा, गुलाम, दहा, चार. बदामाची सात व तीन. चौकटची राणी, आठ, पाच. किलवरची नऊ, सहा, दोन. गुण दहाच, पण इस्पिक देखणे, म्हणून तो ‘एक इस्पिक’ म्हणतो. पास झालेल्या भिडूपाशी इस्पिकची राणी, नऊ, सहा. बदामाचा एक्का, नऊ, पाच. चौकटचा राजा, दहा, सात, दोन. किलवरची राणी, सात, पाच. गुण अकरा. त्याने सरळ ‘तीन इस्पिक’ म्हटले, तर नऊ हात करावे लागतील. परंतु किलवरात तीन, चौकटीत एक आणि बदामात एक असे पाच हात विरोधकांकडे जाण्याचा संभव आहे. म्हणजे एक हात कमी पडला. उलट, आधी ‘दोन चौकट’ म्हणून मग पाठिंबा सांगू असा बेत त्याने केला, तर पहिला तेथेच पास होईल आणि आठ पानी इस्पिक सोडून सात पानी चौकटीत डाव खेळावा लागेल.

या कोंडीतून वाट काढली कॅनडाचे डग्लस डरी यांनी, १९५०च्या दशकात. त्यांचे भिडू एरिक मरी तिसऱ्या स्थानावर हलक्या पानांवर बोली करीत, आणि डाव वारंवार झेपेल त्याहून वर जाई. डरी यांनी ठरविले की, पास झालेल्या भिडूने बदाम किंवा इस्पिकच्या बोलीला ‘दोन किलवर’ म्हटले, तर त्याचा किलवरशी संबंध नाही. ‘माझ्यापाशी जुळणी आणि दहा-अकरा गुण आहेत, तुझी बोली खरी की हलकी?’ असा तो प्रश्न. मूळ रीतीत ‘दोन चौकट’ म्हणजे हलकी पाने. पुढे प्रचारात आलेल्या रीतीत स्वतःचाच रंग दोनच्या पातळीवर पुन्हा म्हणणे म्हणजे हलकी पाने. वरच्या डावात या रीतीने ‘दोन इस्पिक’वर थांबता येते, आणि ते आठ हात आटोक्यातले आहेत.

हे ‘दोन किलवर’ बंधनकारक आहे, पण दोघांनी ते आधी ठरविले असेल तरच. खेळाच्या कायद्यात बंधनकारक बोली असा प्रकार नाही. कोणत्याही बोलीवर कोणीही पास म्हणू शकतो. बंधन आहे ते दोन भिडूंमधील समजुतीचे. मात्र ती समजूत गुप्त ठेवण्यास कायद्याची मनाई आहे. विरोधकांनी विचारल्यास तिचा अर्थ सांगावाच लागतो. म्हणजे ज्या भाषेवर जोडी जगते, ती भाषा चौघांनाही खुली असते.

२०१८ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजमधील पुरुष जोडीचे सुवर्णपदक भारतास मिळवून दिले, तेव्हा त्यांच्या वयाचे, साठ आणि छप्पन्न वर्षांचे, अनेकांना नवल वाटले. ज्या खेळात एकमेकांचे मौनही वाचावे लागते, तेथे वर्षांचा सहवास ही उणीव नसून कमाई असते. नव्या जोडीला ती वर्षे उसनी मिळत नाहीत. पण खेळास बसण्यापूर्वीची पाच मिनिटे तिच्या हाती असतात. ‘मी पास झाल्यावर माझ्या कोणत्या बोलीवर तू थांबणार नाहीस?’ एवढा प्रश्न त्या पाच मिनिटांत विचारला गेला, तर डावानंतरचे पुष्कळ वाद आपोआप टळतील.