‘वर्किंग’ कोण?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



आज एका इंग्रजी शब्दाबद्दल बोलायचं आहे. आपल्या बोलण्यात तो इतका मुरलाय की परका वाटतच नाही. ‘वर्क’. साडीवर भरतकाम असलं की आपण म्हणतो, “वर्क छान आहे.” ती साडी नगावर भरून देणाऱ्या बाईला विचारा, काय करता? “काही नाही, घरीच असते.” लग्नाच्या जाहिरातीतली ‘वर्किंग’ वधू म्हणजे पगार आणणारी. आणि माझं ‘सोशल वर्क’! त्यात एम.एस.डब्ल्यू. केलं, तरी मावश्या विचारतात, “ते ठीक गं, पण नोकरी कधी?”

एका शब्दाला दहा अर्थ असू देत. पण त्यातला कुठला सरकारी कागदावर चढतो, हे आपण बघायला हवं.

जनगणनेतला ‘वर्कर’ म्हणजे आर्थिकदृष्ट्या उत्पादक काम करणारा. घरच्यांसाठी रांधणं, धुणं, आजाऱ्याचं करणं यात बसत नाही. नवऱ्याबरोबर दिवसभर खुरपणारी बाईसुद्धा या व्याख्येतून सहज निसटायची. स्त्री-अभ्यासक आणि संघटनांनी रेटा लावला, तेव्हा कुठे 1991 च्या प्रश्नात स्वतःच्या शेतातल्या आणि घरच्या धंद्यातल्या बिनमोबदला कामाचा स्पष्ट उल्लेख आला. पुढे 2001 च्या जनगणनेत गृहिणींना भिकारी, कैदी यांच्याच गटात ‘नॉन-वर्कर’ म्हणून टाकलं. अपघाताच्या भरपाईचा एक खटला चालू असताना सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये त्यावर ताशेरे ओढले. म्हणजे बाई गेल्यावर तिच्या कामाची किंमत काढायची वेळ आली, तेव्हा!

राष्ट्रीय नमुना पाहणीत तर गंमतच आहे. तिथे 93 क्रमांकाचा एक रकाना आहे. घरकामाखेरीज सरपण, भाजीपाला, जनावरांचा चारा गोळा करणाऱ्या, घरच्यांचं शिवणटिपण करणाऱ्या बाया त्यात मोडतात. एवढं सगळं लिहून घ्यायचं आणि तरी त्यांना श्रमशक्तीच्या बाहेर ठेवायचं!

2024 च्या वेळ-वापर पाहणीत बायांचं बिनमोबदला घरकाम दिवसाला 289 मिनिटं भरलं, पुरुषांचं 88. (ही सरासरी फक्त घरकाम करणाऱ्यांची. न करणारे पुरुष त्यात धरलेलेच नाहीत.)

आपल्या अंगणवाडीच्या ताईंच्या तर नावातच ‘वर्कर’ आहे. योजना 1975 ची, पण हातात पडतं ते मानधन, वेतन नव्हे. ग्रॅच्युइटीचा हक्कसुद्धा 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयातून मिळवावा लागला.

तेव्हा एक काम आपल्याकडे घेऊ या. प्रगणक येतो आणि बहुधा घरातल्या पुरुषाला विचारतो, “बायको काय करते?” उत्तर ठरलेलं. त्याआधीच आपण वस्तीत फिरायचं. बायांना सांगायचं, तुम्ही पुढे या, स्वतः बोला. शेतात जाता का, म्हशीचं दूध विकता का, विड्या वळता का, साड्या भरता का, हे एकेक करून लिहायला लावा.